न सारवलेली भिंत

४ जानेवारी, केळवे

आलो एकदाचे. दीपाच्या बायपासला तीन महिने झाले. डॉक्टर म्हणाले मोकळ्या हवेत न्या, मी थेट समुद्रावरच आणलं. घराभोवती नारळी-पोफळी, कामाला शेजारच्या वत्सलाबाई. दीपा म्हणते, नवऱ्याचे कपडे एका बॅगेत मावले आणि चित्रांना टेम्पो लागला. खरं आहे. तीस वर्षं चित्रं जमवतोय, पण मनातलं एक अजून मिळालेलं नाही: माणसासारखा चालत येणारा मृत्यू. वारली चित्रं काढणाऱ्या मासवणच्या लाडकीबाई तो काढून द्यायला तयार झाल्यात, हॉलच्या भिंतीवरच.

९ जानेवारी

चित्र झालं. शेणामातीवर गेरू, त्यावर तांदळाचं पीठ आणि बांबूची काडी, बस्स. खाली कोपऱ्यात आमचं घर, घरात दीपा आणि मी. वर डोंगराच्या वाटेवर तो. दोन त्रिकोण, गोल डोकं, हातात काठी. चेहरा नाही, तरी कुठे निघालाय ते बरोबर कळतं. मी बेहद्द खूश आहे.

निघताना लाडकीबाईंनी बजावलं, पाचव्या दिवशी भिंत सारवून टाका. त्यांच्या आईची रीत तशी: घरात कुणी आजारी असलं की त्याला काढायचा, भात दाखवायचा आणि सारवून वाटेला लावायचा. म्हणाल्या, ‘नाय सारवला तर त्याला वाटतं, आपल्याला ठेवून घेतलाय. मंग तो कामाला लागतो.’ मी हो म्हणालो. चित्रं जमवणाऱ्या माणसाच्या असल्या शब्दावर कुणी विसंबू नये.

११ जानेवारी

वॉर्निशचे दोन हात दिले. आता पन्नास वर्षं बघायला नको. दीपा म्हणाली, बाईंना शब्द दिला होता ना. मी म्हटलं, पुसायचंच असतं तर पाटीवर काढून घेतलं असतं. ती हसली नाही.

१५ जानेवारी

डोंगर रिकामा आहे. तो पायथ्याशी उतरलाय, शेतात. भिंतीला ओल आली असेल असं म्हणत होतो, तेवढ्यात वत्सलाबाई केर काढता काढता म्हणाल्या, ‘तो परवापासून चालतोय. मला वाटला, तुमाला ठावं हाय.’

दीपाला आज अंगणात चार पावलं टाकून दम लागला.

१७ जानेवारी

वत्सलाबाईंनी शेण आणलं. वॉर्निशवर ते ठरत नाही, ओघळून खाली येतं. पॉलिश पेपरने घासलं. गेरू निघाला, माती निघाली, तो निघाला नाही.

मासवणला गेलो. लाडकीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, ‘तुमी त्याला पक्का केला. आता माजा हात नाय चालत.’ मी पाया पडलो. त्यांनाही रडू आलं.

१८ जानेवारी

चित्रातल्या आमच्या अंगणात पोचला. दीपाला हॉलमध्ये येऊ दिलं नाही. गाडीत घातलं आणि बोईसरच्या हॉस्पिटलात दाखल केलं. तिला फार काही होत नाहीये, ती माझ्यावरच वैतागली आहे. खोलीच्या भिंती कोऱ्या, पांढऱ्या. हायसं वाटलं.

१९ जानेवारी, दुपार

वत्सलाबाईंचा फोन. हॉलची भिंत रिकामी —

इथे आहे. पांढऱ्यावर पांढरा. खिडकीतून ऊन तिरपं आलं की दिसतो. नर्सला दाखवला. म्हणाली, रिपोर्ट चांगले आहेत, तुम्हीच जरा झोप घ्या.

खोली बदलून मागितली. मिळाली. तिथेही —

२० जानेवारी

दाराजवळ होता. आता पलंगाशी. काठी भिंतीला टेकवून ठेवली आहे. मी मध्ये उभा राहिलो. भिंतीवरच्याच्या आणि तिच्या मध्ये कसं उभं राहायचं? मोठ्याने म्हणालो, चूक माझी आहे, मला ने. तो माझ्याकडे वळतसुद्धा नाही.

मला तिच्याशिवाय राहता येणार नाही. कधी तिला सांगितलं नाही हे. आत्ता सांगतो —

जागी झाली. बरं वाटतंय म्हणाली. सरकून पलंगावर जागा केली. मी बसायला गेलो तर म्हणाली, तुम्ही नाही हो, हे केव्हाचे उभे