बुधवारी तीन ते चार

बाई,

आपली शेवटची भेट झाली तेव्हा तुम्ही नागरवाड्यातल्या घरी, माडीवरच्या खोलीत, भिंतीला टेकून बसला होतात. मी ओलसर लीलो चिवड्याचं पुडकं आणलं होतं, कारण बडोद्याचा माणूस कुठेही गेला तरी पिशवीत हा चिवडा घेऊनच जातो, असं तुम्ही एकदा वर्गात म्हणाला होतात. तुमच्या वहिनींनी चहा केला. तुम्ही माझ्या मनगटाकडे पाहून विचारलंत, "घड्याळ चालतंय ने अजून?" आणि माझा हात हातात घेऊन म्हणालात, "जाऊ दे ग, मनाला लावून घेऊ नकोस." तुम्ही गेल्यावर विभागात शोकसभा झाली, तिथे मी हीच आठवण सांगितली आणि दोघातिघांनी डोळे पुसले. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मी हल्ली तुमच्याच जागेवर बसते, खुर्ची बदलली पण खिडकी तीच आहे. आज लिहायला बसले कारण काल एका मुलीच्या वहीत मला एक झोपलेला माणूस सापडला, आणि तो माणूस झोपलेला नव्हता.

वहीची तुमची ती पद्धत मी तीन वर्षांपूर्वी पुन्हा सुरू केली. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चिठ्ठ्या टाकून आवारातली एकेक जागा द्यायची, आठवड्यातला एक तास नेमून द्यायचा, आणि त्या तासाला तिथे बसून डोळ्यांना दिसेल ते वेळ घालून लिहायचं. "दिसलं ते लिही, वाटलं ते घरी ठेव," हे तुमचं वाक्य मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते. मुलं त्याचा फोटो काढतात, लिहून कोणी घेत नाही. हजेरीसाठी पडद्यावर कोड येतो, त्याचाही फोटो काढून घरी झोपलेल्या मैत्रिणीला पाठवतात आणि ती पांघरुणातूनच हजर होते. आमच्या वेळी दुसऱ्याची हजेरी लावायला निदान आवाज बदलावा लागायचा.

मला तेव्हा चिठ्ठीत ग्रंथालयाची वाचनखोली आली होती, बुधवारी तीन ते चार. ज्यांना कॅन्टीन आलं त्यांची चैन, आणि माझ्या नशिबी माना खाली घातलेली माणसं. मी नाक मुरडलं ते तुम्ही पाहिलंत आणि शनिवारी घरी बोलावलंत. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून तांदूळ निवडत होतात. मी पाणीगेटची, वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यात, सकाळी कंपनीच्या बसने जायचे ते संध्याकाळी परत. तुमच्या घरात पाय कुठे ठेवावा हेही मला कळत नव्हतं. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते असं मी सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. "आमचे दफ्तरात होते. तुमच्यांनी तलवारी गंजवल्या, आमच्यांनी कागद पिवळे केले. फिट्टंफाट! बस ने, उभी काय?" मग तांदळाचे हात पदराला पुसून मनगटावरचं घड्याळ काढलंत आणि माझ्यापुढे धरलंत. वेळ लिहायची तर घड्याळ हवं, माझ्याकडे दुसरं आहे, असं म्हणालात. दुसरं नव्हतं. त्या वर्षी तास संपत आला की तुम्ही दाराबाहेर जाऊन व्हरांड्यातलं घड्याळ बघून यायचात, ते आम्ही सगळे बघत होतो.

पहिले चार बुधवार मी खरंच जाऊन बसले. अजून ती खोली दिसते. तीन वाजून पाच मिनिटं, एक मुलगी जिन्यातच पैंजण काढून रुमालात बांधते आणि मग आत येते. एक मुलगा चार खुर्च्यांवर चार वह्या ठेवून जागा अडवतो, तासभर कोणी येत नाही, तरी तो वह्या उचलत नाही. वर्तमानपत्र सगळे मागून उघडतात. काउंटरवरचे काका तारखेचा शिक्का आधी रद्दीच्या कागदावर मारून बघतात, सरळ उठला तरच पुस्तकावर मारतात. पेन्सिलींना टोक करून ठेवतात, आणि कोणी पेन्सिल खिशात घालून निघालं की मान वर न करता म्हणतात, "भाई, पेन्सिल." त्या पानांवर तुम्ही लिहिलं होतंत, "छान. अशीच बघत राहा." ते वाचून मी हवेत होते.

मग नवरात्र जवळ आली. मैत्रिणीच्या सोसायटीत गरब्याचा सराव सुरू झाला, तोही नेमका बुधवारी तीनला. सराव, नंतर सेव-उसळ, नंतर घरी. वाचनखोली कुठे पळून जाणार होती? वही द्यायच्या आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये बसून कॅलेंडर पाहून मी उरलेले पाच बुधवार एका बैठकीत लिहून काढले. तुमचं घड्याळ समोर काढून ठेवलं होतं, काटे बघून सुचतील तशा वेळा घातल्या. लिहिताना वाटलं, सगळं फार गुळगुळीत होतंय, पकडले जाईन. खोट्यालासुद्धा मीठ लागतं. म्हणून काकांना जागेवरून उठवलं. "तीन वीस. काउंटरवरचे काका खण बंद करून बाहेर गेले. चार वाजता आले. दोन मुलं ताटकळून गेली." पाचांपैकी तीन बुधवार असे लिहिले, वेळा मात्र बदलून. काकांशी माझं काही वैर नव्हतं. त्या खोलीतला एवढा एकच माणूस मला नीट ठाऊक होता, म्हणून त्यालाच धरलं.

वही परत आली तेव्हा त्यातल्या एका पानावर तारखेभोवती पेन्सिलीचं गोल होतं आणि बाजूला लिहिलं होतं, "पुन्हा जाऊन बघ." तुम्ही असं बऱ्याच जणांना लिहायचात. मी गेले नाही. वर्षअखेरीला तुम्ही सगळ्या वह्या विभागात टेबलावर मांडल्यात. त्याच सुमारास ग्रंथालयातली काही पुस्तकं नाहीशी झाली होती आणि कोणाच्या तरी डोक्यावर ते खापर फुटायचं होतं. ग्रंथालयाच्या साहेबांनी माझी वही मागवली. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्हाला, मला आणि काकांना बोलावून त्यांनी तुम्हालाच ती गुजरातीत वाचून दाखवायला सांगितली. बाई, माझं खोटं तुम्ही तुमच्या तोंडाने वाचलंत. एकही शब्द न गाळता.

काका हात जोडून म्हणाले, "साहेब, ए बुधवारे तो रूम ज बंध हतो. उधईनी दवा मारी हती." वाळवीचं औषध मारलं होतं, खोली बंद होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तारीख लिहिताना चुकली असेल. तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू स्वतः पाहिलंस?" हो बाई. "नीट आठवून सांग." हो बाई, पाहिलं. तुम्ही वही मिटलीत. साहेबांना म्हणालात, माझ्या वर्गात न बघता कोणी लिहीत नाही. त्यांना काउंटरवरून काढून मागच्या इमारतीतल्या गोदामात बसवलं, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमध्ये. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष उरलं होतं. पुढच्या वर्षापासून तुम्ही वह्या देणं बंद केलंत, डोळ्यांना झेपत नाही म्हणालात, आणि मलाही ते खरं वाटलं. दोनेक वर्षांनी पाणीगेटला भाजीच्या गाडीवर काका भेटले. त्यांनीच हाक मारली. "केम बेन, भणवानुं पती गयुं? सरस, सरस." शिक्षण संपलं का, छान, छान. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवले असते.

आता कालचं सांगते. आमच्या पार्किंगमधून दोन हेल्मेटं गेली. प्राचार्यांच्या कानावर होतं की माझी मुलं वह्या लिहितात, तर पार्किंगची वही परवा सकाळी आणून द्या, असा निरोप आला. मी ती काढून वाचायला घेतली. वही एका मराठी मुलीची आहे, मकरपुऱ्याहून येते, हुशार आहे, बोलते कमी. वाचता वाचता तिथे आले: बारा चाळीस, वॉचमनकाका कडुलिंबाखाली खाटेवर झोपलेले, दोन अ‍ॅक्टिवा विचारल्याशिवाय बाहेर गेल्या. तारीख गेल्या आठवड्यातली. आणि तो कडुलिंब बाई, पंधरा दिवसांपूर्वीच्या वादळात मुळासकट पडला. फांद्या तोडून नेल्या, खोड तेवढं आडवं आहे. खाट भिंतीला उभी करून ठेवलीये आणि वॉचमनकाका आता फाटकाशी उन्हात डोक्यावर रुमाल टाकून उभे असतात. मी रोज त्यांच्यासमोरून स्कूटर आत घालते.

तिचं खोटं ओळखायला मला क्षणही लागला नाही. रागावले, मग थोडं हसूही आलं, आणि एकदम माझी स्वतःची वही आठवली. घरी येऊन माळ्यावरची ट्रंक उपसली. माझी वही तळाशी होती. पेन्सिलीचं ते गोल मी आजवर तुमची सवय समजत होते. ते नेमकं वाळवीच्या बुधवारावर आहे. म्हणजे साहेबांच्या खोलीत जाण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला ठाऊक होतं. वाचून दाखवतानाही ठाऊक होतं. मी दोनदा हो म्हटलं तेव्हाही ठाऊक होतं. तरी तुम्ही माझ्या बाजूने बोललात. का? मला काढून टाकतील म्हणून? पाणीगेटची पोर, पहिल्यांदाच कोणी एवढं शिकतंय म्हणून? की भरल्या खोलीत आपली विद्यार्थिनी खोटी ठरणं तुम्हालाच सोसलं नसतं? इतकी वर्षं मी मानत आले की मी तुम्हाला फसवलं. ते वाईट होतं, पण त्याची सवय झाली होती. आता कळतंय की आपण दोघींनी मिळून त्या माणसाला गोदामात घातलं. मला तुमचा राग आलाय बाई. आणि तुम्ही मला वाचवलंत याची मायाही वाटते, आणि त्या मायेची लाज वाटते.

आज दुपारी त्या मुलीला बोलावलं. विचारलं, "तू स्वतः पाहिलंस?" ती म्हणाली, "हो मॅम." माझाच आवाज. मी तिच्या वहीत पेन्सिलीने "पुन्हा जाऊन बघ" लिहायला घेतलं, अर्धं लिहून खोडलं. त्या शेऱ्यात मला पळायला वाट सापडली होती. हिला ती द्यायची नव्हती. तिला घेऊन पार्किंगमध्ये गेले आणि त्या आडव्या खोडावर बसवलं. दोन मुलं एकच इयरफोन वाटून घेऊन गेली, कोणीतरी हॉर्न वाजवला, वॉचमनकाकांनी हात करून गाडी थांबवली आणि ओळखपत्र पाहिलं. ती खोडाकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली. "मॅम, सगळ्या तारखा एकदम लिहिल्या. काही वाईट नव्हतं मनात." ठाऊक आहे, म्हटलं. "आता काय करणार मॅम तुम्ही?" मी नाही, तू. उद्या अकराला माझ्यासोबत प्राचार्यांकडे यायचं आणि हे पान खोटं आहे हे तुझ्या तोंडाने सांगायचं. मी शेजारी उभी राहीन. तिने डोळे पुसले, मग खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही असं कधीच नसेल ने केलं, मॅम?"

मी म्हटलं, नाही.

तुमचं घड्याळ हातात होतं. पट्टा तीनदा बदललाय, चालतंय. त्या क्षणी तिला खरं सांगितलं असतं तर उद्याची वाट तिला सोपी झाली असती, आणि मला तेवढंही जमलं नाही. म्हणून हे लिहितेय. माझी जुनी वही पिशवीत घालून ठेवली आहे. उद्या तिच्यासमोर, प्राचार्यांसमोर ती काढीन की नाही, ते इथे लिहीत नाही. अजून पाहिलेलं नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठे, ते वहीतच राहील. पण मिटण्याआधी एक राहिलं. सुरुवातीला लिहिलेली आपली ती भेट, वहिनींचा चहा, माझा हात हातात घेणं, ते तुमचं वाक्य, त्यातलं काहीही झालेलं नाही. मी इतक्यांदा सांगितलंय की आज लिहितानाही हात अडला नाही. पुडकं मात्र खरं होतं. त्या दिवशी जे दिसलं तेवढंच लिहिते.

चार पस्तीस. गल्लीच्या तोंडाशी बंद दुकानाची पायरी. माडीवरची खिडकी उघडी. दोरीवर तुमचं पांढरं पातळ. खोकल्याचा आवाज, दोनदा. चार पन्नास. वहिनी खिडकीत आल्या, पातळ आत घेतलं. पाच. मी उठले आणि घरी गेले.