कापसाच्या खोलीतला अल्बम

१२ जानेवारी २०२५
निवेदिताच्या बँडचा पहिला अल्बम आपल्या घरी रेकॉर्ड होणार. पंक रॉक. नऊ गाणी. बँडचं नाव ‘थ्री फेज’. लेक गाते, केयूर ड्रम वाजवतो, धम्मानंद गिटार. स्टुडिओ म्हणजे पुढची खोली. तिथे दीर दिनकररावांचा कापूस आढ्यापर्यंत भरलाय, भाव वाढायची वाट बघत. सोनपेठमध्ये निम्म्या घरांत हेच. पण कापसात आवाज घुमत नाही, हे डोकं माझं! कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट क्वायरची तयारी गाद्यांच्या खोलीत घ्यायच्या. किती गोड दिवस होते.
निवेदिताला बेंगळुरूला नोकरी लागलीय. सतरा फेब्रुवारीला हजर नाही झाली तर नोकरी जाईल. आणि अल्बम पुरा केल्याशिवाय ती हलणार नाही. म्हणून संकल्प: जानेवारीअखेर पुरा. मी मुलांना अडवणारी आई नव्हे.

१६ जानेवारी
अजून एकही गाणं नाही. आधी मी शब्द तपासून दिले. सदतीस चुका, त्यांत अकरा शिव्या. निवेदिता म्हणाली, आई, त्या चुका नाहीत, तेच गाणं आहे. समजावून सांगितलं. दुपार गेली.

२० जानेवारी
पहिलं गाणं होत आलं होतं. कुकरची शिट्टी झाली. केयूर म्हणाला, राहू द्या काकू, पंक हाय, चालतंय. मला चालत नाही. परत करायला लावलं. परत शिट्टी. वरण शिजलं नव्हतं, त्याला मी काय करू.

२४ जानेवारी
खोलीत गेलं की सगळ्यांना खाज सुटते. केयूर ऐन तालात पाठ खाजवतो. धम्मानंद म्हणाला, काकू, कापसात बारीक किडे झालेत, आमी अंगणात वाजवू का? अंगणात रिक्षांचा आवाज, कुत्री. कडुनिंबाचा पाला टाकला. अल्बमचं नाव ‘खाज’ ठरलं. सिस्टरना मी कोणत्या तोंडानं सांगितलं असतं?

२९ जानेवारी
दिनकरराव आले. ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, वैनी, कापूस आतून तापायलाय. वेचताना दव होतं, ओलाच भरला. उद्या टेम्पो आणतो. मी म्हटलं, आधी अल्बम. त्यावर म्हणाले, अल्बम राहील, घर न्हाई राहायचं. शेतीवाली माणसं जरा जास्तच घाबरतात.

२ फेब्रुवारी
कापसामागे व्यायलेल्या मांजरीनं पिल्लं एकेक करून बाहेर नेली. आता उंबऱ्यापाशीही येत नाही. पंक आवडत नसणार.

६ फेब्रुवारी
खोलीला वास येतोय. इस्त्री कपड्यावर जरा जास्त वेळ राहिल्यासारखा. उदबत्ती लावायला गेले, तर निवेदितानं काडेपेटी हातातून ओढून घेतली. मग विचारलं, आई, हा अल्बम तुला व्हायला हवाय ना? काय विचित्र प्रश्न. माझ्याइतका कुणाला हवाय?
दिनकररावांना निरोप दिला: टेम्पो अठरा तारखेनंतर आणा.

१० फेब्रुवारी
भिंत हाताला कोमट लागते. ऊन वाढलंय.
त्या भिंतीवर ऊन येत नाही. उद्या विचार करते.
एक गाणं झालं, आठ बाकी. वेळ भरपूर आहे.

१२ फेब्रुवारी, दुपारी तीन
आत्ता लिहायला बसलेय. सकाळी निवेदिता हेडफोन लावून, डोळे मिटून गात होती. तिच्या मागे ढीग तपकिरी झालेला, त्यातून बारीक धूर. मी दारात उभी. हाक मारायची होती, मारली नाही. धम्मानंदनं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. मी नाही.
दिनकरराव आले, गल्लीतली माणसं आली. फावड्यांनी सगळा ढीग अंगणात काढला. ढिगाच्या पोटात काळा कोळसा. वर पाणी मारलं. कुणाला काही झालं नाही. दिनकररावांचा वर्षाचा कापूस गेला. चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि गेले.

१४ फेब्रुवारी
खोली रिकामी, भिंत काळी. आवाज भयंकर घुमतो. आता इथे रेकॉर्डिंग शक्यच नाही, मी म्हटलं. कंपनीकडे महिन्याची मुदत मागू, पत्र मी लिहून देते. केयूरनं ड्रमवर एक टोला दिला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. केयूर म्हणाला, काकू, आमाला हाच आवाज पायजे होता की!
सकाळी नऊ ते दुपारी दीड. नऊच्या नऊ गाणी, आधीचंही परत.
निवेदिता म्हणाली, आई, पहिल्या दिवसापासून सांगत होते, त्या कापसात आमचा आवाज मरतोय. सांगितलं असेल. मी तेव्हा चुका तपासत होते.

१६ फेब्रुवारी
निवेदिताची परभणीहून गाडी. खिडकीतून पाण्याची बाटली दिली. तिच्याकडे एक होतीच.

८ मार्च
अल्बम आला. फोनवर ऐकला. शब्द निम्मे कळले नाहीत. शिव्या सगळ्या स्पष्ट.
खाली आभार आहेत. दिनकरकाका, वर्षाचा कापूस गेला तरी आमच्याकडे चहा घेतलात म्हणून.
त्याखाली: आई, मला जाऊ दिलंस म्हणून.
हे खरं नाही. तिला माहीत आहे.