लेझरच्या मशीनमध्ये काय दिसलं

ता. ९, मंगळवार, दुपार

बुटके,

आशीर्वाद घे, नातजावयाला दे, उरला तर लेकीच्या डोक्यावर ठेव. अक्षर तिरकं आलंय त्याला हसू नकोस. शाळा चौथीपर्यंतची, त्यात कागदच हलतोय.

तू लिहिलंस, नोकरी परत सुरू होतेय, तर पोरीला दोन महिने आमच्याकडे ठेवू का. त्याचं उत्तर देते. आधी बाकीचं.

तुझी आई बरी आहे. रडते, म्हणजे नेहमीसारखीच आहे. नळाला पाणी येतंय. मला मात्र चक्करेनं धरलंय. उशीवर डाव्या कुशीला वळले की पंखा राहतो जागेवर आणि छतच फिरायला लागतं. कानाच्या डॉक्टरनं तपासलं आणि लेझरवाल्या बाईकडे पाठवलं. बाई कसली, पोरगीच, तुझ्याएवढी. माझ्या डोळ्यांना काळा चष्मा लावते आणि पेनासारखी दांडी कानामागे, मानेवर टेकवून बसते. चटका बसेल म्हणून मी दात आवळले होते, तर काहीच नाही. म्हटलं, "अगं, चालू तरी केलंस का?" हसली. म्हणाली, "आजी, काहींना यानं बरं वाटतं, काहींना नाही. खोटं सांगणार नाही. पण हे लागलं कसं?"

म्हटलं, मोरीत घसरले.

तिनं माझ्या गालाकडे बघितलं.

मोरीत गेले होते हे खरं. तुझ्या बापाची बाटली ओतायला. ओतून वळले तर तो दारात. हातात कारखान्यातला चामड्याचा मोजा तसाच. वेल्डिंगचा मोजा म्हणजे वीट असते, बुटके. कानाखाली असा बसला की डोकं नळावर आपटलं आणि तोंड रक्तानं भरलं. तुझी आई ओरडली तर तिला केसाला धरून फरफटत बाहेर नेलं. झालं, लिहिलं एकदाचं.

आता गंमत ऐक. लेझर सुरू झाल्यापासून हा रोज विचारायचा, "मशीनमध्ये काय दिसलं?" मला कळेना. मग उमगलं. त्यांच्या कारखान्यात बॉयलरचे सांधे जोडतात, आणि तपासणारा साहेब कसल्याशा किरणांनी सांध्याचा फोटो काढतो. आतली भेग दिसते. ज्यानं सांधा मारला तो पकडला जातो. लेझरही तसलंच, असं याच्या टाळक्यात. मलाही चेव आला. म्हटलं, "भेग दिसली. उद्या बोटंसुद्धा दिसतील म्हणे." तो ताटावरून उठला. मी दोन घास जास्त खाल्ले.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून बसले होते, तर दार धाडकन उघडून तुझा बाप आत.

"कुठाय फोटो?"

"कसला फोटो? यात फोटो निघत नाही, काका. बाहेर थांबा."

"खोटं बोलू नकोस! एकच मारली होती मी. एकच! भेग आधीची असेल म्हातारीची!"

बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली. आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं, आणि त्यानं पिशवीतून हातोडा काढला. पहिला घाव मशीनवर. दुसऱ्याला पोरगीनं हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी चष्मा ओरबाडून काढला आणि लोखंडी स्टूल उचललं. उठल्याबरोबर सगळं गरगरलं, त्या एकाचे दोन दिसायला लागले. दोघांच्या मधोमध हाणलं. तोंडावरच बसलं. ओठ फाटला, दात सांडले. "आई गं" म्हणून खाली बसला. तरी आणखी एक हाणलं. मग लोकांनी त्याला दाबून धरलं, आणि मलाही.

तो कोठडीत आहे. काल तुझ्या आईनं माझे पाय धरले. "सासूबाई, घसरून पडले एवढंच सांगा. मशीनचं काय ते बघू. घरात माणूस लागतो हो." वर त्याचा निरोप आणला: सुटलो की नातीला आणून ठेवा, तिच्याकडे बघून दारू सोडेन.

तीन वर्षांची पोर, बुटके. तो मोजा तिच्या कानाखाली मावायचा नाही. सगळं डोकंच त्यात जाईल.

आज सकाळी तुझ्या आईला न सांगता, भिंती धरत पोलिसांकडे गेले. मुलानं मारलं, असं सांगितलं. हवालदार म्हणतो, "आजी, विचार करा. पोटचा आहे." म्हटलं, "मला सांगतोस? बाळंत मी झाले होते का तू?" मग लिहून घेतलं मुकाट्यानं. खाली सही केली. तीही तिरकीच आली.

आता उत्तर. पोरीला पाठवू नकोस. दोन महिने नाही, दोन तासही नाही. आज ना उद्या तो सुटेल. तुझ्या दारात येईल, रडेल. रडतो फार छान. कडी काढू नकोस. त्याच्याबरोबर मी उभी असले, मीच हात जोडत असले, तरी काढू नकोस. त्या वेळी माझं ऐकायचं नाही. आजचं ऐकायचं.

तुझ्या बापाची
आई