उभ्या गाडीचा विमा

२ मार्च
रोजनिशी जानेवारीतच सुरू करायची होती. जानेवारीत वही मिळाली नाही. फेब्रुवारीत वही मिळाली, तर मनासारखं पेन नव्हतं. पेन शोधायला बाजारात गेलो तिथे रबरी फुग्याचा एक जुना भोंगा दिसला आणि त्या भोंग्याने आयुष्याची दिशा दाखवली. म्हणजे उशीर फुकट गेलेला नाही.

धंदा असा: मामाची म्हातारी गाडी लग्नांना भाड्याने द्यायची. गाडी मामाच्या वडिलांची. गॅरेजमध्ये चादर पांघरून पडलेली असते. मामाने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे जगात सगळं वेळेवर व्हावं असा त्याचा कोता समज. म्हणाला, लेका, आजवर तू एक काम धड पुरं केलं नाहीस. हॉटेल सोडलंस, बोट सोडलीस, फोटोग्राफी तर सुरू करायच्या आधीच सोडलीस. मी म्हटलं, याला अनुभव म्हणतात. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, हो, आणि तो आम्हालाही येतोय.

शेवटी मामाने अट घातली. एक लग्न रीतसर पार पाड, परवाना आणि विम्यासकट, मग गाडी तुझी. नाहीतर भंगारवाल्याला हो म्हणतो.

३ मार्च
पहिलं बुकिंग! कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या मावशी. त्यांच्या मुलीचं लग्न १२ एप्रिलला. नवऱ्या मुलाला त्याच्या घरून गाडीने आणायचं. मुलगी म्हणाली, त्याला कळू देऊ नकोस हं दादा, सरप्राइज आहे, जुन्या गाड्या म्हणजे त्याचा जीव की प्राण. तो काय करतो विचारलं. सरकारी नोकरीत आहे म्हणाली. कुठल्या खात्यात तेही सांगत होती, पण तेवढ्यात बिस्किटांचा ताजा ट्रे आला.

११ मार्च
विमा काढला! लोक उगाच बाऊ करतात. गाडीचा वापर कशासाठी, या प्रश्नापुढे बोटभर जागा. ‘लग्नासाठी भाड्याने’ त्यात मावेना. ‘शोभेसाठी’ लिहिलं. विमा ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, म्हणजे चालवणार नाही ना? मी म्हटलं, सध्या बंदच आहे. यात खोटं काय? गाडी गॅरेजमध्ये, इंजिन बंद, असा विमा मिळाला. अगदी स्वस्तात. बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, नक्की ना, नक्की ना. आपल्याच कामावर विश्वास नसलेली माणसं.

१९ मार्च
ड्रायव्हरची टोपी शिवायला टाकली. सोनेरी बटणं.

मेकॅनिक येऊन गेला. इंजिन सुरू केलं. म्हणाला, इंजिन मस्त आहे, पण हँडब्रेकची तार कुजलीय, आधी ती बदला. मी म्हटलं, आधी भोंगा बसव, लग्नात ब्रेक कोण ऐकतो? हसला नाही. या लोकांना विनोदबुद्धी नसते.

२८ मार्च
परवान्यासाठी परिवहन कार्यालय. तपासनीस माझ्याच वयाचा, हातात भर दुपारी टॉर्च. मी त्याचं नावच टॉर्च ठेवलं. गाडीखाली शिरला तो बाहेरच येईना. आला तेव्हा कपाळाला ग्रीस, चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद. मडगार्डवरून खुळ्यासारखा हात फिरवत राहिला. असली माणसं नोकरीत घेतात तरी कशी!

मग गाडी उतारावर उभी करायला लावली. हँडब्रेक ओढला. गाडी सावकाश, मोठ्या रुबाबात खाली निघाली आणि कार्यालयाच्या पाटीला टेकली. मी भोंगा वाजवला. सगळे पटापट बाजूला झाले. म्हणजे भोंगा पास.

टॉर्चने विमा वाचला. म्हणाला, अहो, हा उभ्या गाडीचा विमा आहे. गॅरेजमधून बाहेर काढलीत की संपला. गाडी टो करून न्या, तार बदला, भाड्याच्या वापराचा विमा घ्या आणि दहा तारखेपर्यंत या, लगेच पास करतो. त्यानंतर मी रजेवर आहे. विनापरवाना भाड्यावर दिसली तर मात्र जप्त करावी लागेल, आणि मला फार वाईट वाटेल.

वाईट वाटेल म्हणे! रजा कशासाठी, ते मी विचारलं नाही. आळशाला कारण लागत नाही.

६ एप्रिल
तार आणायला निघालो. वाटेत टोपी तयार असल्याचं कळलं. टोपी घालून तारेच्या दुकानात जाणं बरं दिसेना. फोटो काढून परत आलो. फोटो अप्रतिम.

९ एप्रिल
विमा ऑफिस बंद होतं. म्हणजे मी पोचलो तेव्हा.

पण एक जबरदस्त विचार सुचला. टॉर्च रजेवर! कागद मागणारा माणूसच सुट्टीवर, तर कागद कशाला? इतकी साधी गोष्ट याआधी कुणाच्या डोक्यात आली नाही, याचं नवल वाटतं.

मामीने विचारलं, सगळं झालं का रे? झाल्यातच जमा आहे म्हटलं. मामा उठला. गॅरेजमध्ये गेला आणि घड्याळाच्या कापडाने एकेक दिवा पुसत बसला. गाडीत वडील कुठे बसायचे, ते मामीला दाखवत होता. तार उद्या नक्की.

१० एप्रिल
उद्या.

१२ एप्रिल, सकाळ
नवऱ्या मुलाच्या घरासमोर उभे आहोत. नेमका उतार. एक पाय ब्रेकवर दाबून लिहितोय, त्यामुळे अक्षर असं. गाडी फुलांनी सजलेली. मागे बेकरीवाल्या मावशी, डोळे आत्तापासूनच ओले. शेजारी मामा, ठेवणीतला कोट घालून. मघाशी म्हणाला, लेका, चुकलो मी, एक काम पुरं केलंस बाबा. मावशींनाही सांगत होता, भाच्याचं सगळं रीतसर असतं हो, परवाना, विमा, सगळं. जावईबापूंना कागद दाखव रे, म्हणजे निर्धास्त बसतील.

मी भोंगा वाजवला. पायाला मुंग्या आल्यात.

दार उघडलं. नवरदेव आला. सूट झकास. हातात गुच्छ. गाडी बघून जागीच थबकला, मग पुढे होऊन मडगार्डवरून हात फिरवला. मग वाकून थेट हँडब्रेककडे बघितलं.

टॉर्च हातात नसल्यामुळे मी आधी ओळखलंच नाही.