माझ्या वतीनं पंकज बोलला

सोम. २७ ऑक्टो.
ऑफिसला गेले. घरी बसून तरी काय करणार? बाबांना जाऊन आज दोन दिवस. अमेरिकेतल्या या डब्लिनमधली झाडं लाल झालीयत आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतायत. मीही बघितलं. लाल आहेत, एवढंच.
ग्लेननं काही विचारलं नाही. सत्तरीचा माणूस, सगळं आयुष्य जुन्या फिल्म साफ करण्यात गेलं. खांद्यावर हात ठेवला आणि नवं काम दिलं. पन्नासच्या दशकातला टीव्हीचा वार्षिक बक्षीस समारंभ. स्कॅन झालाय. मी फक्त बघायचं आणि कितव्या मिनिटाला कोण बोललं ते लिहायचं.

मंगळ. २८
पंकजचा फोन नागपूरहून. बाबांचं पुण्यानुमोदन रविवारी, संध्याकाळी सहाला, घराजवळच्या विहारात. आधी भंतेजी, मग चार जण बोलणार. मी व्हिडिओ कॉलवर. "पाच मिनिटं बोल ताई. जास्त नको, लोकांना मग जेवायची घाई असते." धाकटा असून आता घरातला मोठा झालाय.
नागपूरचे सहा म्हणजे इथले सकाळचे साडेआठ. साडेनऊ तासांचा फरक अंगात इतका मुरलाय की बोटं मोजावी लागत नाहीत.
आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते म्हणे, सरकारनं पोरीला येऊ दिलं नाही.

बुध. २९
निदान इथे तरी खरं लिहावं.
जुलैत बाबा म्हणाले होते, "एकदा येऊन जा. नंतरचं नंतर बघू." गेले असते तर परत येण्यासाठी मुंबईत व्हिसाचा नवा शिक्का लागणार होता. त्याची अपॉइंटमेंट मिळाली होती. मिळाली होती! तिथेच अडकले तर नोकरी जाईल या भीतीनं मीच कॅन्सल केली. घरी सांगितलं, तारीखच मिळत नाही. बाबा म्हणाले, "बरं, तुझं तू बघ." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.
हे रविवारी सांगायचं. आईसमोर, सगळ्यांसमोर. नंतर हिंमत होणार नाही.

गुरु. ३०
फिल्म पाहिली. गोल टेबलं, सिगारेटचा धूर, बो टाय. त्या काळी टेप नव्हती, म्हणून टीव्हीच्या पडद्यासमोरच कॅमेरा लावून ही फिल्म काढलेली. सगळ्यांचे चेहरे पीठ फासल्यासारखे. ग्लेन सांगत होता, समारंभ काही शहरांत लाइव्ह दिसायचा आणि लांबच्या शहरांत मागाहून ही फिल्म दाखवायचे. मी विचारलं, त्या लोकांना वाईट नाही वाटायचं, उशिरा बघताना? म्हणाला, "त्यांना काय फरक पडतो? टाळ्या त्याच."
बक्षीस घ्यायला निम्मे लोक आलेलेच नाहीत. नाव पुकारलं की भलताच कोणीतरी उठतो, बक्षिसाची बाहुली हातात घेतो आणि म्हणतो, तो आज येऊ शकला नाही, आला असता तर फार खूश झाला असता. मी घेणाऱ्यालाच विजेता म्हणून लिहून टाकलं. तीन ठिकाणी. ग्लेननं खोडून दिलं. म्हणाला, विजेता वेगळा, बोलणारा वेगळा, रकाने दोन आहेत.

शनि. १ नोव्हें.
ओळखीच्या मेश्राम काकू शेजारच्या कोलंबसहून डबा घेऊन आल्या. वरण-भात, वांग्याची भाजी. "रडलीस का गं?"
"नाही."
"रडून घे. मोकळं वाटतं."
दोन वेळा जेवणानंतर गोळी घ्यायला सांगितल्यासारखं. जेवले मात्र पोटभर.
भाषण लिहून काढलं. मोठ्यानं वाचलं तर सव्वातीन मिनिटं. 'अपॉइंटमेंट मीच कॅन्सल केली' या वाक्याला आवाज जरासुद्धा हलत नाही. मला माझीच भीती वाटली.
सांत्वनाचे फोन नकोसे झालेत. फोन सायलेंटवर.

रवि. २
अंघोळ केली. पांढरी साडी नेसले. बरोबर साडेआठला कॉल लावला.
विहारात लोक जेवायला बसलेले. कोणीतरी बुंदी वाढत होतं. पंकजचा चेहरा एकदम जवळ आला. "ताई, होतीस कुठं? तासाभरापासून फोन लावून राहिलो मी!"
काल रात्री इथली घड्याळं एक तास मागे गेली. दर नोव्हेंबरला जातात. अकरा वर्षं झाली मला इथे. साडेनऊ तासांचे साडेदहा झाले. फोननं आपलं घड्याळ बदलून घेतलं, माझ्या डोक्यातलं कोण बदलणार?
"टेन्शन नको घेऊ. तुझ्या वतीनं मी बोललो ना."
"काय बोललास?"
"हेच, की ताईनं खूप ट्राय केलं, पण व्हिसाच मिळाला नाही. बाबांच्या तोंडी शेवटी तुझंच नाव होतं म्हटलं."
"होतं?"
"अगं, असं बोलावं लागते."
सगळे रडले म्हणे. आईला दिलं नाही फोनवर, ती बायकांच्यात होती. साडीची घडी करून ठेवली. चहा केला, दोनदा.

मंगळ. ४
पंकजनं रेकॉर्डिंग पाठवलंय. उघडलं नाही.
ऑफिसात परक्यांचा समारंभ दिवसभर बघते, तेही पगार घेऊन. बत्तिसाव्या मिनिटाला एक बाई उठते, कोणाच्या तरी वतीनं बाहुली घेते आणि एक शब्दही न बोलता खाली उतरते. बोलणाऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ते ग्लेनला विचारलं. "रिकामा सोड."

गुरु. ६
आज पंकजचं भाषण पाहिलं. छान बोलला. माझ्यापेक्षा कितीतरी छान. 'माझी बहीण तिकडे तडफडत होती' म्हणाला तेव्हा पहिल्या रांगेत आईनं पदर डोळ्याला लावला. मला राग आला. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि आलं ते त्या बिचाऱ्यावर. त्याला काय माहीत? मीच त्याला खोटं सांगितलं होतं.
माझा कागद अजून टेबलावरच आहे. आता कुठे वाचू?

शनि. ८
आत्ता आईचा फोन आलाय. ती स्वतः कधी लावत नाही. पंकज बाहेर गेलाय, म्हणून लावला म्हणाली.
आधी हवापाणी. मग मी जेवले का. मग म्हणाली, "जुलैत त्यांनी कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता, तुझ्या कपड्यांसाठी. मी म्हटलं, तारीख तर मिळू द्या पोरीला. तर म्हणाले, मिळाली असंल. ती भीत असंल."
मी टेबलावरचा कागद जवळ ओढला.
"खरंच नव्हती ना मिळाली?"
तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. "थांब, गॅस बंद करून येतो. ठेवू नको हं फोन."
ठेवलेला नाही. समोर चालू पडलाय. तिच्या चपलांचा आवाज येतोय, परत येतेय बहुतेक