चौघांचा प्रोग्राम

३ फेब्रुवारी, रविवार
कॉम्प्युटरच्या क्लासात गट पडले! चौघांनी मिळून एक प्रोग्राम करायचा — दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणारा. मुदत चार आठवडे. पास झालो तर पुढच्या वर्षभराच्या कोर्सला फुकट प्रवेश. म्हणजे बांधकामावर मोठाल्या काचा उचलणं सुटलं! सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला आणखी काय हवं?

पण गट म्हटल्यावर अख्ख्या वर्गाची तोंडं आंबट. मला कळेना. साइटवर आम्ही चौघे मिळूनच काच उचलतो. त्यात रडण्यासारखं काय आहे?

माझ्या गटात लॉन्ड्रीत काम करणारी एक चष्मेवाली. एक होहो — काहीही विचारा, 'हो हो' म्हणतो आणि मोबाइल बघतो. आणि एक वाटणीवाला.

६ फेब्रुवारी
वाटणीवाला म्हणतो, "चार जण, चार तुकडे. आपापलं करा, शेवटी जोडू."
चष्मेवाली म्हणाली, "आणि जुळलं नाही तर? मागच्या वेळी असंच तिघांपायी बुडाले मी."
होहो म्हणाला, "हो हो."
मला दोघांचंही पटलं. असं कसं?

१० फेब्रुवारी
माझा तुकडा — पेशंटचं नाव विचारून साठवणं. दहा ओळी. तीन दिवस डोकं फोडलं, पण चालला! चष्मेवालीने बघितला. "छान आहे. राहू दे आता, मी करते." आणि पुसला.
राग यायला हवा होता. हायसं वाटलं! हे काय?

१४ फेब्रुवारी
साइटवर नव्या गड्याने एकट्यानेच काच उचलली. मुकादम पिसाळला. "ए पैलवान! ठेव खाली! हे तिघं काय तुझी ताकद बघायला आलेत?"
गडी म्हणाला, "पण फुटली तर नाही ना!"
त्यावर मुकादम आणखीच भडकला. मला परत दोघांचं पटलं. माझ्या डोक्यातच काही बिघाड असणार.

१७ फेब्रुवारी
ताईचा फोन. "काय करतोस रे गटात?"
"बसतो."
"लहानपणीही हेच. गणितं मी सोडवायची, तू वही धरायचास." हसत सुटली. मला हसू आलं नाही.

२४ फेब्रुवारी
प्रोग्राम झाला. चष्मेवालीने एकटीने केला! मधेच उठून गेलेल्या पेशंटचा नंबर आपोआप मागे टाकतो. वाटणीवाला पुटपुटला, "हिला आपली गरजच नव्हती."
तिने ऐकलं. डोळे लाल होते — जागरणाने की कशाने, कोण जाणे. म्हणाली, "दोनदा नापास झालेय. तिसऱ्यांदा झाले तर परत घेत नाहीत इथे. कुणावर सोडू मी?"


३ मार्च
सरांनी कोरे कागद वाटले. गटात कोणी काय केलं ते ज्याने त्याने लिहायचं, दुसऱ्याला दाखवायचं नाही. वाटणीवाला कानाशी लागला, "ठोकून दे काहीतरी. सगळ्यांनी केलं म्हण."
पेन धरून बसून राहिलो. तसं लिहिलं तर मी पास. पण मग तिचं काय? तिचं तिला मिळायला नको?
लिहिलं — 'सगळं काम हिने एकटीने केलं. आम्हाला हातसुद्धा लावावा लागला नाही. मी दहा ओळी केल्या होत्या, त्याही पुसून स्वतः नीट केल्या. मार्क हिला द्यावेत.'
झालं. काचाच उचलायच्या आता. पण छाती हलकी झाली.

१० मार्च
निकाल लागला. आम्ही तिघे पास. चष्मेवाली नापास.
सर म्हणाले, "मार्क मिळून काम करण्याला होते. तुम्ही तयार होतात, तीच कुणाला करू देत नव्हती, हे तुझ्याच कागदावरून कळलं."
मी म्हणालो, "सर, ते कौतुक होतं!"
"पण लिहिलंस ते खरं ना?"
ती दारात उभी होती.