पलीकडचा इवाकी

२१ जानेवारी
शाळेत गेलो. बोलावलं म्हणून गेलो, मागे लागून नव्हे. चौथीच्या पोरांना इवाकी डोंगर शिकवायचा, आणि तोही लाकडावर कोरून, कागदावर छापून. फुकुशीबाईंनी ओळख करून दिली, ‘हे नोरोकाका, सरकती दारं बनवतात आणि ठसेही कोरतात.’ ‘ठसेही’ म्हणे! तीस वर्षं कोरतोय. कुणाच्या हाताखाली बसलो नाही, कुणाचं नाव लावत नाही. पण ते पोरांना सांगून काय उपयोग.

आधी डोंगर काढायला सांगितला. अकराच्या अकरा जणांनी त्रिकोण काढले!

‘हा काय भाताचा मुटका आहे? डब्यात भरून आणलात का?’

हसली. मग फळ्यावर काढून दाखवला. तीन डोकी. मधलं उंच. उजवीकडचं खडबडीत, फुटक्या दातासारखं. डावीकडचं बसकं. आपल्या हिरोसाकीच्या भाताच्या खाचरांतून तो असाच दिसतो, आणि असाच आला पाहिजे. केसाइतकाही फरक चालणार नाही.

दाइगो नावाचा एक बडबड्या आहे. खिडकीतून बघून म्हणाला, ‘काका, डोंगर दिसतच नाहीये. नुसते ढग.’

‘दिसत नसला तरी आहे.’

‘मग तुम्हाला कसा दिसला?’

बाई तोंड फिरवून हसत होत्या. मी पाहिलं.

२८ जानेवारी
आज महत्त्वाचा धडा. पातळ कागदावर काढलेलं चित्र फळीवर पालथं चिकटवायचं. रेषा मागून दिसतात, त्यांवरून कोरायचं. म्हणजे फळीवर डोंगर उलटा आणि छापल्यावर सुलटा. तीनदा सांगितलं. तरी दाइगोने कागद स्वतःच्या बाहीला चिकटवला.

प्रत्येकाच्या नावाचा छोटा लाकडी शिक्का मी घरी कोरून नेला होता. नियम सांगितला – छाप बरोबर आली की मी त्याखाली लाल शिक्का मारणार. शिक्का असलेलीच चित्रं दोन मार्चला सभागृहात लागणार. शिक्का नाही, तर भिंत नाही.

नागिसा म्हणून एक मुलगी मागच्या बाकावर बसते. बोलत नाही. हात मात्र ठाम. पटाशी धरायला शिकवावी लागली नाही.

४ फेब्रुवारी
कोरकाम. दोघांची बोटं कापली, थोडीशीच. बाईंनी पट्ट्या लावल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कापली.

१२ फेब्रुवारी
छापले. शाईचा वास वर्गभर. बांबूच्या सालीच्या गादीने कागदाची पाठ घासता घासता पोरांची नाकं काळी झाली. एकेक कागद उचलला की ‘आला, आला!’ असा ओरडा! दाइगोचा डोंगरसुद्धा बरा आला. शिक्का मारला. तो कागद डोक्यावर धरून वर्गभर नाचला.

नागिसाचा उचलला – आणि उलटा! खडबडीत डोकं डावीकडे, बसकं उजवीकडे. शिवाय मधल्या शिखराच्या खाली एक खाच, आडवी, खोल. पटाशी घसरल्याची.

म्हटलं, ‘पोरी, कागद पालथा नव्हता चिकटवला ना?’

‘पालथाच चिकटवला होता.’

‘मग उलटा कसा आला?’

‘उलटा नाही. असाच आहे.’

‘आणि ही खाच? हात घसरला की सांगावं. घसरतो.’

‘नाही घसरला.’

‘मी चोपन्न वर्षं बघतोय हा डोंगर.’

ती म्हणाली, ‘कुठून?’

म्हणजे काय, कुठून! डोंगर एक आहे. मी शिक्का मारला नाही. दुसरी फळी पुढे केली, ‘अजून वेळ आहे, पुन्हा कर.’ तिने ती तशीच माझ्याकडे सरकवली. ‘नको.’ रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी
हारुएला जेवताना सांगितलं. बायको म्हणून माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती मिसोचं सूप ढवळत म्हणाली, ‘एवढीशी पोर तुमच्यासमोर नको म्हणाली? मला तिला एकदा भेटायचंय.’

१८ फेब्रुवारी
नीट लिहायला हवं.

आज रंग. आमच्याकडे ठशाला रंग मागून देतात. कागद पालथा करायचा, शाई पाझरून रेषा मागे दिसतातच, त्यांच्या आत पाण्यात विरघळवलेला रंग सोडायचा. पुढून पाहिलं की रंग आतून आल्यासारखा वाटतो. नागिसाही आपला बिनशिक्क्याचा कागद घेऊन बसली होती. बसू दिलं. रंग देण्याला कुणाची मनाई नाही.

म्हटलं, ‘सगळ्यांनी कागद पालथे करा.’

पोरांनी केले. मग दाइगोचा आवाज, ‘काका! आता आमचे सगळ्यांचे चुकले! आणि नागिसाचा बरोबर!’

वाकून पाहिलं. खरंच. दहा कागदांवर नागिसाचा डोंगर. नागिसाच्या कागदावर माझा. डोकं न् डोकं जागच्या जागी. फक्त ती खाच जास्तीची.

पोरं खिदळत होती. कुणी म्हणालं, ‘काकांचा शिक्का मागून मारायचा का?’ मी हसलो नाही. तीस वर्षं कागद पालथे करतोय, मागून रंग भरतोय. मागून काय दिसतं ते रोज डोळ्यांसमोर होतं.

सुटल्यावर बाई कुंचले धुता धुता म्हणाल्या, ‘नोरोसाहेब, ती आजिगासावाची आहे. समुद्राकडची. आई तिला घेऊन मामाच्या सफरचंदाच्या बागेत राहायला आली, बाबा तिकडेच बोटीवर. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.’

सांगितलं असेल. मी तेव्हा फळ्यावर काढत होतो.

२३ फेब्रुवारी
सकाळी आभाळ उघडलं. गाडी काढली. हारुए म्हणाली, ‘कुठे?’ म्हटलं, ‘लाकूड बघायला.’ ती म्हणाली, ‘रविवारी?’ आणि थर्मास हातात दिला.

डोंगराला वळसा घालून आजिगासावाला गेलो. एवढ्या वर्षांत कधी गेलोच नव्हतो. काम इकडे, माणसं इकडे, डोंगर इकडे.

धक्क्यावर गाडी लावली आणि मागे वळून पाहिलं. खडबडीत डोकं डावीकडे. बसकं उजवीकडे. आणि मधल्या शिखराच्या खाली, बर्फात, आडवी, निळसर – खाच. अगदी तिथेच.

पटाशी घसरली नव्हती.

दोरीवर माकुळ मासळी वाळत घालणारी एक बाई मला बघत होती. ‘हिरोसाकीकडचे दिसता.’

‘कशावरून?’

‘डोंगराकडे असं बघताय, जणू तो पहिल्यांदाच तोंड दाखवतोय. तिकडून तुम्ही लोक त्याची पाठच बघता ना जन्मभर.’

एरवी मी ऐकून घेतलं नसतं. भाजलेलं माकुळ घेतलं, तिथेच उभा राहून खाल्लं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. ढग येईपर्यंत थांबलो.

२५ फेब्रुवारी
वर्गात, सगळ्यांसमोर, नागिसाच्या बाकाशी गेलो. तिच्या नावाचा शिक्का काढला.

ती म्हणाली, ‘बघून आलात?’

‘आलो.’

‘खाच दिसली?’

‘दिसली. निळसर आहे.’

‘दुपारी असते. सकाळी गुलाबी.’ मग, ‘बोटी होत्या?’

‘धक्क्याला लागलेल्या होत्या सगळ्या. वारा होता.’

तिने मान हलवली आणि कागद माझ्यासमोर सरळ केला. शिक्का मारला. दाइगोने टाळ्या सुरू केल्या, त्या गाढवाला कशालाही टाळ्या लागतात. आज बरं वाटलं.

२ मार्च
प्रदर्शन. दहा चित्रं एका भिंतीवर ओळीत. नागिसाचं समोरच्या भिंतीवर, एकटं. मुख्याध्यापक म्हणाले, ‘हे वेगळं का टांगलंय? पोरीला वाईट वाटेल.’

‘वेगळं नाही. पलीकडचं आहे. मध्ये उभे राहून बघा.’

ते मध्ये उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग पुन्हा इकडे.

दुपारी एक माणूस आला. रबरी बूट, अंगाला डिझेलचा वास. नागिसा त्याचा हात धरून त्या भिंतीशी घेऊन गेली. म्हणाला, ‘आपल्या धक्क्यावरचा.’ एवढंच. नागिसा दिवसभर त्याच्या बाहीला धरून होती. मी खुर्च्या नीट लावल्या, त्या आधीच नीट होत्या.

१६ मार्च
मी तिकडचा इवाकी कोरतोय. आठवणीतून. अवघड आहे – हात जुन्याच बाजूला वळतो. उद्या छापीन.

१८ मार्च
छाप घेऊन शाळेत गेलो. नागिसासमोर ठेवली, माझ्या नावाचा शिक्का तिच्या हातात दिला. तिने पुष्कळ वेळ बघितलं.

‘काका, खाच अजून खाली असते.’

शिक्का परत दिला. नाही मारला.

घरी येऊन फळी रंध्याने साफ केली. उद्यापासून पुन्हा.